खिम्याचं मशीन कोणतं घ्यावं? शिकारीचं मांस घरीच करणाऱ्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

प्रश्न माझ्याकडे आला तोच अर्धा सुटलेला होऊन: बावीस नंबरचं मशीन घ्यावं की बत्तीस नंबरचं? विचारत होता घरातला धाकटा भाऊ. थोरला परवाना काढून हंगामात दोन हरणं मारतो, एखाद्या वर्षी रानडुक्करही मिळतं. (शिकारीला कायद्याने परवानगी आहे अशा ठिकाणचं हे घर. जिथे नाही, तिथे पुढचं सगळं गैरलागू.) सोलणं आणि फोडणं दोघे भाऊ मिळून करतात. खिमा, पॅकिंग, साठवण आणि तो माल वर्षभरात संपवणं हे वहिनींकडे.

आदल्या हंगामातलं मांस बिघडलं होतं. सडलं नव्हतं, पण खावंसं वाटेना. खिमा राखाडी आणि चिकट, तव्यावर टाकला की सुटा होण्याऐवजी एकच गोळा व्हायचा. मांडीच्या मोठ्या तुकड्यांवर पांढरट कोरडे डाग, आणि शिजताना जुन्या चरबीचा वास. धाकट्याचं निदान ठरलेलं होतं: स्वयंपाकघरातल्या स्टँड मिक्सरला जोडायचा खिम्याचा छोटा जोड कमी पडतो. त्याची यादीही तयार होती. दीड अश्वशक्तीचं बत्तीस नंबरचं मशीन, हाडं कापायचा बँडसॉ, सॉसेज भरायचं यंत्र आणि मांस सुकवायचा डिहायड्रेटर.

"भावजींना मशीन हवंय, मला जागा हवीय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी एक वही पुढे केली. पाकिटाची तारीख, वजन, आत काय आहे आणि उघडल्यावर कसं निघालं, एवढ्या चार रकान्यांची ती वही. तिच्यात उत्तर बऱ्यापैकी लिहिलेलं होतं. हंगामाच्या पहिल्या दिवशीची पाकिटं चांगली निघाली होती. खराब शेरे होते ते दुसऱ्या हरणाच्या पाकिटांवर, आणि त्यातही एकाच दिवशी फ्रीजरमध्ये कोंबलेल्या मालावर. खिमा मात्र दोन्ही हरणांचा सारखाच चिकट. म्हणजे दुखणी दोन होती, आणि एका मशीनने दोन्ही बरी होणं अवघड होतं.

किती किलोंचा प्रश्न आहे

कोणतंही यंत्र घेण्याआधी किलो मोजावेत. त्यांचं हरीण पोट साफ केल्यावर साधारण ४५ किलो भरतं. कातडी, डोकं, पाय, हाडं, गोळी लागलेला भाग आणि स्नायूंवरचे पांढरे पडदे वजा जाता २० किलोच्या आसपास निव्वळ मांस हाती येतं. पाठीची पट्टी, आतली नाजूक पट्टी आणि मांडीचे मोठे स्नायू अखंड ठेवायचे. फरा, मान, बरगड्यांवरचं आणि कापताना निघालेले तुकडे खिम्याला. हा भाग अर्ध्याहून थोडा जास्त, ११ किलो धरू. हंगामातून दोनदा ११ किलो, म्हणजे कारखान्याचं काम नव्हे.

मशीनच्या नंबराचा अर्थ इथे सांगायला हवा, कारण दुकानदार तो सांगत नाही. पाच, आठ, बारा, बावीस, बत्तीस हे आकडे तोंडाशी बसणाऱ्या जाळीचे माप ठरवतात. आठ नंबरची जाळी सुमारे ६२ मिलिमीटर व्यासाची, बारा नंबरची ७० च्या आसपास, बावीसची ८२ आणि बत्तीसची १०० मिलिमीटरच्या घरात. तोंड मोठं तसं मांस पुढे ढकलणारं मळसूत्र मोठं, मोटर मोठी आणि धुवायचे भाग जड. शिवाय मोठ्या तोंडात प्रत्येक वेळी काही मांस अडकून राहतं. शंभर किलो दळणाऱ्याला ते जाणवत नाही. ११ किलोवाल्याला जाणवतं, आणि ते काढून धुण्यात जो वेळ जातो तो दळण्याहून जास्त असतो.

अश्वशक्तीच्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पण डब्यावर छापलेले वॅट बऱ्याचदा मोटर अडकून थांबते त्या क्षणाचे असतात, चालू कामातले नव्हेत. मोठा आकडा दिसला की मी आधी गिअर धातूचे आहेत की प्लास्टिकचे ते विचारतो.

जोड उघडून पाहिला तेव्हा

त्यांना म्हटलं, नवीन मशीन राहू दे, आहे त्यावर एक किलो दळून दाखवा. दोन-तीन मिनिटांतच खिमा जाळीतून दोऱ्यांसारखा सुटा यायचा थांबला आणि ओला लगदा बाहेर पडू लागला. त्यात थर्मामीटर खुपसला तर १४ अंश सेल्सिअस. तोंडाची रिंग सोडवली. पात्याच्या मधल्या भागाभोवती पांढऱ्या पडद्याचा घट्ट गुंडाळा बसला होता, नखाने सुटेना, सुरीने कापावा लागला. स्नायूवर चकाकणारा जो पातळ पांढरा पडदा असतो तोच हा. तो चांगल्या पात्यानेही सहज कापला जात नाही, आणि बोथट पातं तर त्याला नुसतं गुंडाळत बसतं. मागून येणारं मांस मग कापलं जात नाही, जाळीवर रगडलं जातं. रगडलं की तापतं, तापलं की चरबी पसरते, आणि खिमा चिकटतो.

पातं उलटं बसवलंय का, हे मी आधी पाहिलं होतं. सपाट बाजू जाळीकडे हवी. ती उलटी झाली की अगदी हाच लगदा निघतो, आणि नव्या माणसाकडून हे हमखास होतं. इथे पातं सुलटं होतं. मग जाळीच्या पाठीवर मार्कर पेनने काळा रंग फासला, पातं त्यावर दाबून हाताने चार वेळा फिरवलं. शाई निघाली ती फक्त कडेची. मधे तशीच राहिली. म्हणजे पातं जाळीवर पूर्ण टेकतच नव्हतं. कारण सापडायला वेळ लागला नाही: जाळ्या दोन, पातं एकच, आणि ते कधी या जाळीवर, कधी त्या जाळीवर. पातं आणि जाळी एकमेकांवर घासून एकमेकांना बसतात. जोडी मोडली की दोघांची धार जाते. प्रत्येक जाळीला तिचं स्वतःचं पातं हवं, आणि दोन्ही एकाच डबीत ठेवलेली हवीत.

त्याच दिवशी दुसरा किलो दळला. पडदे सुरीने सोलून काढले, मांसाच्या बोटभर पट्ट्या केल्या, ताटात पसरून फ्रीजरमध्ये कडा कडक होईपर्यंत ठेवल्या. मळसूत्र, पातं, जाळी, तोंड हेही फ्रीजरमध्ये. पातं आणि जाळी बारीक दाण्याच्या ओल्या सँडपेपरवर सपाट काचेवर घासून घेतली. खिमा सुटा आला, लाल आला, तापमान ३ अंश. त्याच कमी पडणाऱ्या जोडावर. धाकटा काही बोलला नाही, पण यादीतल्या बत्तीसवर त्याने तिथेच रेघ मारली.

हरणाच्या स्वतःच्या चरबीबद्दलही इथेच बोलणं झालं. ती मेणचट असते, उशिरा वितळते, टाळूला चिकटते, आणि तिलाच लवकर खवट वास लागतो. वहीतला "जुन्या चरबीचा वास" तिचा होता. ती कापून टाकायची आणि खिम्यात हवी तर डुकराच्या पाठीची चरबी दहा-पंधरा टक्के घालायची. थोरल्याला हे वाया घालवणं वाटलं. त्याची समजूत वहिनींनी काढली, मला काढावी लागली नाही.

पहिली खरेदी: जुना फ्रिज

आता दुसरं दुखणं. शिकारीच्या दिवशी संध्याकाळी हरीण गॅरेजमध्ये टांगलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी फोडलं जायचं. गॅरेजमध्ये रात्री किती तापमान असतं, असं विचारल्यावर थोरला म्हणाला, "थंडच असतं." थर्मामीटर ठेवला तर १३ अंश निघाले. जिवाणूंना ५ ते ६० अंशांच्या दरम्यान फावतं, आणि १३ अंशांवर मांस दोन रात्री ठेवणं म्हणजे त्यांना मोकळं रान देणं. मांस ४ अंशांच्या खाली जायला हवं. मात्र घाईही बरी नाही: स्नायू आखडून कडक होण्याआधीच तो १० अंशांखाली गेला तर आक्रसतो आणि शिजवल्यावर चामट लागतो. म्हणून ताज्या मांसावर लगेच बर्फ ओतायचा नाही. कातडी लवकर काढायची, हवा खेळू द्यायची, आणि रात्र व्हायच्या आत थंड जागी न्यायचं.

थंड जागा कुठली? इथे माझा सल्ला सगळ्यात कंटाळवाणा होता: जुना, पण चालू अवस्थेतला एक मोठा फ्रिज घ्या, मधले कप्पे काढा, आत एक छोटा पंखा आणि थर्मामीटर लावा, २ ते ३ अंशांवर ठेवा. चार तुकडे केलेलं हरीण त्यात टांगता येतं किंवा जाळीवर ठेवता येतं. मग फोडायची घाई राहत नाही, एक फरा आज, मांडी उद्या. मांस चार-पाच दिवस तिथे मुरलं तर मऊही होतं. धाकट्याच्या यादीत या फ्रिजला जागा नव्हती, कारण तो दळत नाही, कापत नाही, त्यात दाखवण्यासारखं काही नाही. पण बाकीच्या सगळ्या यंत्रांचं काम या एका वस्तूमुळे हलकं होतं.

गोळी आणि हाड

यादीत नसलेली आणखी एक वस्तू म्हणजे काडतूस. थोरला तांब्याच्या आवरणातली शिशाची गोळी वापरत होता. अशी गोळी आत शिरताना फुटते आणि शिशाचे कण जखमेपासून बरेच दूर, डोळ्याला न दिसणारे असे पसरतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा गोळीने मारलेली ३० हरणं वेगवेगळ्या खाटकांकडे दिली आणि परत आलेली पाकिटं क्ष-किरणांखाली पाहिली. ३० पैकी २४ हरणांच्या खिम्यात धातूचे कण सापडले. व्यवसाय करणाऱ्या खाटकांनी साफ केलेल्या मांसाची ही स्थिती. खिम्याच्या मशीनचं इथे विशेष वाईट हे, की एका तुकड्यातला कण ते फोडून सगळ्या ११ किलोंत वाटतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर यावर चर्चाच नको. या घरात लहान मूल होतं. अखंड तांब्याची गोळी घ्यायची आणि तरीही जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकायचं, असं ठरलं. खिम्याच्या दर्जासाठी त्या वर्षी जे जे घेतलं, त्यात मला ही गोळीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

बँडसॉ मी साफ नाकारला. हरणाचे स्नायू एकमेकांपासून पडद्याच्या रेषेवर सुटतात. सुरीचं टोक आणि बोट वापरून मांडी हाडावरून अख्खी उतरवता येते. करवतीने हाड कापलं की हाडाचा भुगा आणि मज्जा मांसावर पसरते, मज्जेची चरबी फ्रीजरमध्येही खवट होते, आणि हाडाची टोकं प्लास्टिकला भोकं पाडतात. त्याहून मोठं कारण क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हरणांच्या मेंदूचा हा रोग १९६७ साली कोलोराडोत पहिल्यांदा लक्षात आला. तो माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण तो ज्यांच्यामुळे होतो ती बिघडलेली प्रथिनं शिजवून किंवा गोठवून नष्ट होत नाहीत, आणि ती मेंदू व कण्यातल्या मज्जारज्जूत सगळ्यात जास्त असतात. रोगाचा वावर असलेल्या भागात हरणाची तपासणी करून घ्यायची आणि अहवाल येईपर्यंत ते खायचं नाही. कण्यावरून करवत चालवणारं यंत्र मग घरात आणायचंच कशाला? हत्यारांसाठी एक उपाय उपयोगाचा आहे: २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की घरगुती ब्लीचचं ४० टक्के द्रावण ५ मिनिटांत स्टेनलेस स्टीलच्या पृष्ठभागावरची ही प्रथिनं निकामी करतं. मांसाचे कण मात्र आधी घासून काढलेले हवेत, कारण कणाच्या आत ब्लीच पोचत नाही.

सुऱ्या

भावांकडे भाजी कापायची एक सुंदर, कडक पोलादाची सुरी होती आणि तिच्या धारेला हाडावर लागून खाचा पडल्या होत्या. तिचा दोष नव्हता, ती या कामाची नव्हतीच. खाटकाच्या सुऱ्या मुद्दाम जरा मऊ पोलादाच्या करतात, कडकपणाच्या रॉकवेल मोजणीत ५५ ते ५८ च्या आसपास. त्यांची धार लवकर जाते आणि सळईवर दोन-चार हात मारले की लगेच परत येते. १५ सेंटीमीटरची, किंचित वाकणारी, टोकाशी वळलेली हाडं सोडवायची सुरी, मोठे तुकडे करायला २५ सेंटीमीटरची एक, सळई, आणि घरी धार लावायला हजार दाण्याचा दगड. मुठी प्लास्टिकच्या, कारण ओल्या, चरबट हातात लाकडी मूठ घसरते आणि तिच्या फटीत घाण राहते. सुरी नसलेल्या हातात न कापला जाणारा हातमोजा. पडदे सोलण्याची तालीम पहिल्या फऱ्यावर झाली. थोरल्याचा हात लगेच बसला. धाकटा पडद्याबरोबर मांसही काढत होता, म्हणून त्याला खिम्याच्या तुकड्यांवर बसवलं.

फ्रीजर आणि पाकिटं

फ्रीजर घरात होता, २०० लिटरचा, वरून उघडणारा. तो लहान नव्हता, त्याला एकदम फार घास दिला जात होता. साधारण नियम असा, की दर २८ लिटर जागेमागे २४ तासांत सव्वा किलोच्या आसपास नवं मांस घालावं. २०० लिटरला म्हणजे आठ-नऊ किलो. यांनी एका संध्याकाळी २० किलो घातलं होतं, तेही झिपच्या पिशव्यांत जाडजूड गोळे करून. गोळ्याचा गाभा गोठायला दीड-दोन दिवस, सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक, उघडल्यावर पाण्याचं तळं. पांढरे कोरडे डाग पडतात ते पृष्ठभागावरचा बर्फ पिशवीतल्या हवेत सरळ उडून गेल्यामुळे. इथे पुन्हा जुना फ्रिजच कामाला येतो: उरलेला माल तिथे २ अंशांवर आपली पाळी येईपर्यंत थांबतो.

व्हॅक्युम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा काढून तिचं तोंड बंद करणारी यंत्रं, दोन तऱ्हेचे. पिशवीचं तोंड कडेला धरून हवा ओढणारा, त्याला खडबडीत आतल्या बाजूची पिशवी लागते. आणि पिशवी आख्खी पेटीत ठेवून बंद करणारा, त्याला साध्या, स्वस्त पिशव्या चालतात आणि ओलं मांसही. दुसरा उत्तम, जड, महाग आणि ओट्यावर कायमची जागा खाणारा. हंगामाला साठ-सत्तर पाकिटं करणाऱ्या या घराला मी कडेचा सुचवला. त्याची अडचण एकच: हवेबरोबर रक्ताचं पाणीही ओढतो आणि शिवण नीट बसत नाही. मांस तासभर कडक करून घ्यायचं, तोंडाशी कागदी टॉवेलची घडी ठेवायची, आणि शिवण दोनदा मारायची. खिमा अर्ध्या किलोच्या, दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या चपट्या पाकिटांत. ती पसरून गोठवायची आणि मग पुस्तकांसारखी उभी लावायची. ही उभी रचना वहिनींची, आणि "जागा हवीय" हा प्रश्न तिनेच सुटला.

मग मशीन

शेवटी घेतलं ते बारा नंबरचं, धातूच्या गिअरचं, मळसूत्र आणि तोंड स्टेनलेस स्टीलचं. आठ नंबरवरही भागलं असतं. बाराच्या बाजूने मी बोललो ते तोंड जरा रुंद असल्याने पट्ट्या लवकर जातात म्हणून, आणि रानडुक्कर मिळालेल्या वर्षी थोडी सूट राहावी म्हणून. अॅल्युमिनियमचं तोंड घ्यायचं नाही असं ठाम सांगितलं. ते डिशवॉशरमध्ये काळं पडतं आणि मग हाताला आणि मांसाला करडा रंग सोडतं. जाळ्या दोन, १० आणि ४.५ मिलिमीटरच्या, पाती दोन, डब्या दोन. पाती साध्या पोलादाची आहेत, धुतल्यावर लगेच पुसून खाण्यायोग्य खनिज तेलाचा हात मारला नाही तर सकाळी गंज दिसतो.

चरबी मिसळायला मिक्सर घेतला नाही, ११ किलोंना दोन हात पुरतात. सॉसेज भरायचं यंत्र धाकट्याने हट्टाने घेतलं आणि त्यात त्याचं बरोबर होतं: खिम्याच्या मशीनला नळी लावून सॉसेज भरलं की मांस पुन्हा मळसूत्रातून रगडलं जातं. दट्ट्याचं वेगळं यंत्र ते करत नाही. डिहायड्रेटर लांबवला. नुसत्या सुकवण्याच्या उष्णतेवर मांस सुरक्षित होत नाही. आधी ते ७१ अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि ती शिस्त घरात बसल्यावरच यंत्र आणा, असं सांगितलं. खिमा शिजवतानाही आतून ७१ अंश, आणि रानडुकराच्या कोणत्याही मांसाला तेच. रानटी जनावरांतल्या ट्रायकिनेला कृमीच्या काही जाती गोठवण्याला दाद देत नाहीत, त्यामुळे "महिनाभर फ्रीजरमध्ये होतं" हे उत्तर चालत नाही.

पुढचा हंगाम

पहिलं हरीण फ्रिजमध्ये पाच दिवस राहिलं आणि तीन संध्याकाळी फोडलं गेलं. खिमा ४ अंशांवर निघाला. नवीन मशीन दळायला जेमतेम पाव तास चाललं, त्याआधी पडदे सोलायला दोघांचे दोन तास गेले. धाकट्याने हे बघून विचारलं, मग मोठं मशीन घेऊन नेमका कुठला वेळ वाचला असता. उत्तर त्यालाच ठाऊक होतं.

सगळं जमलं असं नाही. फ्रिजमधल्या पंख्याचा झोत थेट मांडीवर येत होता, वरचा थर वाळून कडक झाला आणि बरंच मांस त्याबरोबर कापून टाकावं लागलं. पंखा भिंतीकडे फिरवला आणि खाली पाण्याचं ताट ठेवलं, दुसऱ्या हरणाला फरक दिसला. सीलरची पट्टी सलग वीसेक पाकिटांनंतर तापून शिवण वितळवू लागते, तेव्हा तिला मधे थांबू द्यावं लागतं. घाईत केलेली काही पाकिटं आठवड्यात सैल झाली. वहिनींच्या वहीत आता पाचवा रकाना आहे, शिवण कोणी मारली त्याचा. धाकट्याला तो रकाना मान्य नाही. पेटीचा सीलर घेतला तर त्याची गरजच उरणार नाही, असं त्याचं म्हणणं आहे. तिसरं हरीण नियमाने मिळायला लागलं तर मी त्याच्या बाजूने बोलेन.